जानेफळचा कोरा रकाना

बुलढाणा जिल्ह्यात मी हौसेने गेलो नाही, रागाने गेलो. आमच्या बालवीर संस्थेचे एक त्रैमासिक निघते. चार पानांचे, सायक्लोस्टाईलवर काढलेले, बोटांना शाई लावणारे. कोणत्या पथकाने उन्हाळ्यात पाणपोई घातली, कुणी पावसाळ्यात झाडे लावली, कुणी जत्रेत चुकलेली पोरे आईबापांच्या हवाली केली, अशा बातम्या त्यात असतात. ते संपादण्याचे काम माझ्याकडे आहे. म्हणजे दुसरे कुणी करीत नाही म्हणून माझ्याकडे आहे. प्रत्येक पथकाला एक रकाना दिलेला असतो, आणि जानेफळच्या पथकाचा रकाना सलग तीन अंक कोरा गेला होता.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनतीन वर्षे झाली होती. वऱ्हाडचे कागद पूर्वी नागपूरला जात, ते आता आमच्याकडे येऊ लागले होते. तेव्हा एखादा अहवाल वाटेत हरवला असेल असे मी आधी धरून चाललो. पत्रे पाठवली. उत्तरे आली, छान वळणदार अक्षरात: "पथक व्यवस्थित चालू आहे. कळावे." बातमी म्हणून एक ओळ नाही. नियम असा की, वर्षभर अहवाल आला नाही तर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की तंबू परत, ध्वज परत, आणि हिवाळ्यातल्या राज्य मेळाव्याची वाट बंद. जानेफळकरांच्या वर्षाला एक महिना उरला होता. मी अहवालाचा छापील कागद घडी करून खिशात घातला. त्याच्या तळाशी दोन चौकटी होत्या, 'नोंदणी चालू ठेवावी' आणि 'रद्द करावी'. एकीत खूण करून यायचे होते.

मलकापूर ते मोताळा

मलकापूरला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन बाराचे होते. एस.टी.ने मोताळ्याला गेलो, तर तिथे बाजाराचा दिवस. कांद्यांचे ढीग, कैऱ्यांच्या पाट्या, आणि निंबाखाली तिथल्या पथकाची पाणपोई. वर हातभर अक्षरांत पाटी. मोताळ्याच्या मास्तरांनी माझी वही अर्ध्या तासात भरून टाकली. किती मडकी, कोणत्या मुलाने किती घागरी आणल्या, कोणत्या पाहुण्यांनी पाठ थोपटली, सगळे तोंडपाठ. मी खूष झालो. अशी पथके असली की संपादकाला जगावेसे वाटते.

कांदे विकणाऱ्या एका बाईने माझ्याकडे निरखून पाहिले.

"कुठून आले भाऊ?"

"पुण्याहून."

"तरीच. कान उघडे टाकून फिरून राह्यले."

खरेच, त्या सगळ्या बाजारात माझेच कान उघडे होते. बाकीच्या पुरुषांनी डोक्याकानांवरून दुपट्टे गुंडाळले होते. पुण्यात आपण असे कान बांधतो ते थंडीत. बाईने मला बसवून घेतले, आपल्या फडक्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आले. ती म्हणाली, "आता ऊन लागनार नाही." हे तिने थट्टेने म्हटले की औषध म्हणून, ते मला अजून कळलेले नाही.

जानेफळ, पहिला दिवस

घाट चढून बुलढाणा, मग चिखली, मेहकर, असे करीत जानेफळला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. थांब्यावर दोघे उभे होते. एक तुळशीराम गुरुजी, पथकाचे मास्तर, पन्नाशीचे, काटकुळे, धोतर आणि पांढरी टोपी, गळ्यात मात्र पथकाचा स्कार्फ. दुसरे चाँदभाई, गावचे शिंपी आणि पथकाचे मदतनीस. पथकातल्या पोरांचे सगळे गणवेश त्यांच्याच मशीनवर शिवलेले.

शाळेच्या मागची खोली त्यांनी उघडून दाखवली. मी अनेक पथकांच्या खोल्या पाहिल्या आहेत, इतकी नीट क्वचित पाहिली. तंबू झटकून घडी केलेले, दोरांची वेटोळी खुंटीवर, लाठ्या उंचीप्रमाणे लावलेल्या. भिंतीवर कामांच्या नोंदीची वही टांगलेली होती. उघडली तर कोरी.

"कामे झालीच नाहीत?"

"झाली ना," गुरुजी म्हणाले.

"मग लिहीत का नाही?"

"लिहायचं नाही असं ठरलं आहे आमचं. मी सांगितलं, पोरांनी हात वर केले."

स्काऊटचा रिवाज सगळीकडे एकच. रोज एक सत्कृत्य करायचे, त्याची आठवण राहावी म्हणून सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची, काम झाले की सोडायची. आमच्या पुण्यात गाठ सुटली की पोरगे आळीभर सांगत सुटते. जानेफळला गाठ सोडायची आणि तोंड बंद ठेवायचे. का, ते गुरुजी सांगेनात. मी त्यांना अर्धा तास ऐकवले. प्रसिद्धीने इतरांना स्फूर्ती कशी मिळते, अहवाल म्हणजे संस्थेचा कणा कसा, आणि महिन्याभरात हा कागद भरला गेला नाही तर या खोलीत फक्त खुंट्या कशा उरतील. शेवटचे ऐकून त्यांचा हात तंबूच्या घडीवर गेला आणि तिथेच राहिला. मग म्हणाले, "जेवून घ्या साहेब. रोडगे झाले असतील."

रोडगे गुरुजींच्या शेतात केले होते. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजतात, बाहेर काढून राख झटकतात, हाताने फोडतात आणि आत तूप सोडतात. सोबत वरण आणि वांग्याची अशी भाजी की पुण्यातल्या वांग्यांची मला दया आली. पोरे पंगतीला होती. त्यांचा संघनायक रामदास, नववीतला उंच मुलगा, मला वाढत होता. मी त्याला गोडीगुलाबीने विचारले,

"काल तुझी गाठ सुटली का रे?"

"हाव."

"कशी सुटली?"

"हातानं."

सगळी पंगत हसली, चाँदभाईंना ठसका लागला. हसलो मीही, पण आतून चिडलो होतो. चौकशीला आलेल्या माणसाशी असे वागतात का? मनातल्या मनात मी दुसऱ्या चौकटीत अर्धी खूण करून टाकली होती.

दुसरा दिवस, भर दुपारी

पथकाची पाणपोई मेहकरच्या वाटेवर फाट्याशी आहे एवढे गावातल्या एकाकडून मी काढून घेतले, आणि आत्ताच्या आत्ता ती पाहायची असा हट्ट धरला. गुरुजी म्हणाले, उन्हं कलू द्या. मी ऐकले नाही. चाँदभाईंनी खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला. "हे कानाले बांधून घ्या साहेब. ऊन कानातून शिरते."

"माझ्या गणवेशावर हे चालत नाही," मी म्हणालो. असली वाक्ये माणूस बोलतो तेव्हा त्याला ती फार बाणेदार वाटतात.

रामदास आणि तिघे माझ्याबरोबर निघाले. दोन्हीकडे कापूस वेचून झालेले पऱ्हाटीचे रिकामे रान, जमीन भेगाळलेली, वाऱ्याला भट्टीची धग. फाट्यावर बाभळीच्या सावलीत मडकी, त्यांवर ओली तरटे, शेजारी दोन मुले. पाटी नाही. आमच्याकडे बागेतल्या बाकावर बसले तरी पाठीला कुणाचे तरी नाव टोचते, म्हणून मी विचारले, पाटी का नाही?

"पानी पेनाऱ्याले मडकं दिसते ना," एक पोरगा म्हणाला.

परतताना माझे डोके ठणकू लागले. मग घाम थांबला, मग समोरची वाट हलू लागली. मी एका दगडाशी ओकलो आणि तिथेच बसलो. पुढचे मला तुटक आठवते. पोरांनी दोघांचे सदरे काढून त्यांत दोन लाठ्या घातल्या, आणि त्या डोलीवर मला घेतले. डोलीची ही आकृती मीच काढलेल्या माहितीपुस्तिकेत आहे. पण आजवर मी तिच्यावर कधी पहुडलो नव्हतो. उघड्या अंगाची पोरे मला घेऊन पळत होती आणि रामदास आपल्या स्कार्फने माझे कान झाकीत होता.

गावाच्या कडेच्या पहिल्याच घराशी पोरे थबकली. कुणी कडी वाजवेना. आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"कोन होय?"

"पाव्हना होय आजी. ऊन लागलं त्याले."

मग दार उघडले.

"त्याले आत आना. अन् तुमी भाईर व्हा."

रुख्माबाईंच्या घरी

शुद्धीवर आलो तेव्हा सारवलेल्या गार जमिनीवर होतो. कपाळावर ओले फडके, तळपायांना कांद्याचा रस चोळलेला. पांढऱ्या लुगड्यातली एक कृश बाई भिंतीला हात लावून लावून चालत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला दिसत होता. तिने मला मीठ-गूळ घातलेले कैरीचे पन्हे पाजले, एकदा नाही, तीनदा. सकाळी शेजारणींनी मिळून तिच्या कुरडया घातल्या होत्या, त्यातला उरलेला चीक चुलीवर होता. तो तिने वाटीत काढला, वर गुळाचा खडा ठेवला आणि वाटी चाचपडत माझ्या हातात दिली.

मला भरून आले. आणि माझ्यासारख्याला भरून आले की हात वहीकडे जातो.

"आई, आपलं नाव काय?"

"कागद कायचा वाजून राह्यला?"

"नाव लिहून घेतो. आपण केलंत ते लोकांना कळायला हवं."

"ठेवून द्या तो," ती म्हणाली. आवाज एकदम कोरडा झाला होता. "माह्यं नाव एक डाव कागदात गेलं. तेवढं पुरे झालं."

मग चुलीजवळ बसून तिने सांगितले. "मांगच्या उन्हाळ्यात गुरुजीच्या पोट्ट्यायनं माह्यं पानी भरलं. मी नाही म्हटलं नाही, आपलीच लेकरं होत. मंग पुन्याहून कागद आला. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर लोकायनं वाचला. त्यात लिहेल, रुख्माबाई, आंधळी, निराधार. निराधार म्हंजे काय, ते मी पुसत फिरली. कोनी सांगे ना. मंग खामगावहून माहा लेक आला. तो तिथं कापसाच्या जिनात कामाले हाय. त्यालेबी कोनी वाचून दाखोलं. दारात उभा राहून म्हने, माय, तू निराधार काऊन? मी मेलो का?"

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले.

"पानी न पेता गेला. दिवाळीले आला नाही, आखाजीले आला नाही. त्या दिसापासून मी पोट्ट्यायले दारात उभं केलं नाही. माह्यं पानी मी आनतो. पडलं झडलं तं माह्यं मी पाहून घेईन."

चिकाची वाटी माझ्या हातात तशीच होती. मला सगळे आठवले, अगदी शब्दाशब्दासह. गुरुजींचा पहिला अहवाल आला होता तो एका ओळीचा: 'पथकातील मुले एका वृद्ध बाईंचे पाणी भरतात.' मी तो परत पाठवला, 'नाव व परिस्थिती कळवावी' असे लिहून. उत्तर आले: रुख्माबाई, डोळ्यांनी अधू, मुलगा खामगावी नोकरीस. मी लाल पेन्सिल घेतली. 'अधू'चे 'अंध' केले. आणि मुलगा खोडला. मुलगा काढला की बातमी कशी उठून दिसत होती! त्या जागी 'निराधार' लिहिले, आणि त्या रात्री मी समाधानाने झोपलो होतो. एका बाईचा जिता लेक मी पुण्यात बसून पुसून टाकला होता, आणि मला त्याची आठवणसुद्धा राहिली नव्हती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"आई," मी म्हणालो, "तो कागद मी लिहिला."

"तुमी?"

"मी. गुरुजींनी तुमचा मुलगा लिहिला होता. मी तो खोडला."

तिने चुलीवरचे भांडे खाली उतरवले, आणि बाहेर उंबऱ्यापलीकडे बसलेली पोरे आत पाहू लागली. मला वाटले, आता ती मला उठून जायला सांगेल, आणि सांगितले असते तर मी भिंत धरून गेलो असतो.

"खा," ती म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."

मी खाऊ लागलो.

"दारात आनलं तवा मी तुमाले नाव पुसलं का?" ती म्हणाली. "गाव पुसलं? आत घेतलं."

संध्याकाळी गुरुजी आणि चाँदभाई मला न्यायला आले. वाटेत मी गुरुजींना म्हणालो, "हे तुम्ही मला पत्रात का नाही कळवलंत?"

"काय कळवू? तुम्ही नाव मागितलं, पण लिहून तर मीच दिलं. तिला विचारलं नाही. चूक पथकाची झाली, म्हणून पथकानं लिहिणं सोडलं."

"पण गुरुजी, नोंदणी जाईल. पोरं मेळाव्याला मुकतील."

ते चालायचे थांबले. पुढे रामदास आणि पोरे लाठ्या खांद्यावर टाकून चालली होती. त्यांच्याकडे पाहत ते म्हणाले, "वर्षभर तयारी केली आहे त्यांनी. मला काही वाटत नाही असं समजू नका. पण रुख्माबाई हो म्हणाल्याशिवाय या पथकाचा कागद गावाबाहेर जाणार नाही. माझी सही होणार नाही."

तिसरा दिवस

चाँदभाईंच्या दुकानात, कापड कापायच्या फळीवर बसून मी तो छापील कागद पुढे घेतला. दोनदा लिहिले, दोनदा खोडले. चाँदभाई काजे करीत होते. मान वर न करता म्हणाले, "हात हलका ठेवा साहेब. कापलं ते आमी जोडून देतो, पन शिवन दिसते."

तिसऱ्यांदा लिहिले आणि आम्ही सगळे रुख्माबाईंच्या दारी गेलो. गुरुजी आणि मी आत बसलो. रामदास आणि त्याचे तिघे उंबऱ्याबाहेर, ठरल्या जागी उभे राहिले. मी सांगितले की पथकाचा अहवाल लिहिला आहे, त्यात त्यांचे नाव नाही. ऐकून घ्या, आणि नको म्हणालात तर इथेच फाडतो. फाडला तर पोरांचे तंबू आणि ध्वज जातील हे मी मुद्दामच सांगितले नाही. पण ते त्यांना ठाऊक होते. गावात कुणाला ठाऊक नव्हते?

मी वाचले: "वैशाखात दामले नावाचे पुण्याचे एक गृहस्थ कुणाचेही न ऐकता भर उन्हात हिंडले व वाटेत पडले. पथकातील मुलांनी आपल्या सदऱ्यांची डोली करून त्यांना गावात आणले. एका घरी त्यांची शुश्रूषा झाली."

"थांबा," रुख्माबाई म्हणाल्या. "एका घरी म्हंजे? त्या घराले नाव नाही का?"

"तुम्ही हो म्हणाल तरच."

"लिहा. रुख्माबाईच्या घरी. रुख्माबाईनं पन्हं देल्लं, चीक देल्ला. अन् तिले लेक हाय, खामगावले. श्रीराम त्याचं नाव. हे पहिले लिहा."

मी लिहिले, आणि वाचून दाखवले. 'श्रीराम'पाशी त्यांनी पुन्हा वाचायला लावले.

"अन् तुमाले काय लिहिलं म्हने?"

"गृहस्थ."

"कायचे गृहस्थ? परवा तुमच्यापाशी ना घर, ना दार, ना बायको, ना लेक. दगडापाशी पडेल होते." त्यांनी कागदाच्या आवाजाकडे बोट केले. "निराधार लिहा."

बाहेर कुणाला तरी हसू आवरेना. रामदासने त्याला कोपराने ढोसले. गुरुजी खाली मान घालून बसले. मी 'गृहस्थ' खोडले आणि त्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असा एकेक अक्षर म्हणत, 'निराधार' लिहिले. परवा नव्हे, कालच पडलो होतो. पण ती दुरुस्ती मी सुचवली नाही.

"आता बराबर झालं," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी माझ्या हातून लेखणी घेतली आणि सही केली. मी 'नोंदणी चालू ठेवावी'च्या चौकटीत खूण केली.

"छापलं म्हंजे एक कागद खामगावले धाडा," रुख्माबाई म्हणाल्या. "जिनात. कोनी तं वाचून दाखवीन त्याले."

मग त्या उठल्या. भिंतीला हात लावीत कोपऱ्यात गेल्या, घागर चाचपली, उचलली आणि आणून उंबऱ्याच्या आतल्या अंगाला ठेवली.

"उभे काऊन राह्यले बे पोट्टेहो? घागर रिकामी हाय."

रामदासने गुरुजींकडे पाहिले. मग वर्षभरात पहिल्यांदा तो उंबरा ओलांडून आत आला.